दुखत नाही ना, मग?

गेल्या वर्षी पावसाळा संपता संपता एका रविवारी सकाळी आमच्या दाराची बेल वाजली. मी पोह्यांना फोडणी देत होते, मोहरी तडतडत होती, आणि अशा वेळी बेल वाजली की माणूस दार उघडायच्या आधीच अर्धा चिडलेला असतो. दारात एक आशाताई, गळ्यात ओळखपत्र, आणि सोबत विशीतला एक पोरगा, हातात रजिस्टर. ताईंनी घरात किती माणसं विचारलं, मी चार म्हणाले. मग त्यांनी त्यांचं पाठ झालेलं वाक्य सुरू केलं, "अंगावर कुठे फिक्कट किंवा लालसर चट्टा, त्या जागी बधिरपणा..." आणि मी त्यांना वाक्य पुरं करू दिलंच नाही. "नाही नाही ताई, आमच्याकडे तसलं काही नाही." दार लोटलं, आत आले, तोवर मोहरी जळली होती.

संध्याकाळी दूध आणायला बाहेर पडले तर चौकटीशेजारी खडूनं एक इंग्रजी अक्षर, खाली घराचा नंबर आणि तारीख. पोलिओवाले करून जातात ना तशीच खूण. म्हणजे सरकारच्या हिशेबात आमचं घर कुष्ठरोगासाठी तपासून झालं होतं, चार माणसं, संशयित शून्य. त्या ताईंना मी अजिबात दोष देत नाही, चार-चार मजले चढायचे आणि प्रत्येक मजल्यावर माझ्यासारखी एखादी बाई फोडणीचं निमित्त सांगून दार लोटणार, त्या तरी काय करतील. पण त्यानंतर कुलूप लावताना, उघडताना ती खूण रोज दिसायची आणि रोज काहीतरी टोचायचं. कारण मी खोटं बोलले होते. मुद्दाम नाही, म्हणजे बोलताना ते खोटं आहे हे माझ्या डोक्यातसुद्धा नव्हतं, आणि खरं सांगायचं तर तेच जास्त लागलं.

माझ्या डाव्या दंडावर, मागच्या बाजूला, मे महिन्यापासून एक चट्टा होता.

दहा रुपयाच्या नाण्यापेक्षा जरा मोठा, कडा पुसट. आरशात मान वळवून बघितलं तर दिसायचा, नाहीतर नाही. चौकातल्या मेडिकलवाल्यानं नीट न बघताच एक ट्यूब दिली होती ती मी आठवण झाली की लावायचे. नणंद म्हणाली शिबं असेल, ऑफिसातली मैत्रीण म्हणाली नायटा, घामाचे दिवस आहेत, कॉटनचे ब्लाउज घाल. आपल्याकडे कातडीच्या बाबतीत प्रत्येक जण डॉक्टर असतो. लहान पोरांच्या गालावर पांढुरकं काही दिसलं की आज्या म्हणणार जंत झाले, वावडिंग द्या. कोणी म्हणणार कॅल्शियम कमी. आणि बहुतेक वेळा ते खरंच साधंसुधं काहीतरी असतं, आपोआप जातं, त्यामुळे या सगळ्या घरगुती निदानांची अब्रू टिकून राहते. ज्या एखाद्याचा चट्टा जात नाही, त्याचं वर्ष-दोन वर्षं नुसत्या ट्यूबा बदलण्यात जातात.

आणि मुख्य म्हणजे तो दुखत नाही. खाजत नाही, चुरचुरत नाही, आग होत नाही. आपल्या भाषेत आजाराला शब्दच मुळी 'दुखणं' आहे बघा. माणूस दुखण्यानं अंथरूण धरतो, दुखण्यातून उठतो. मग जे दुखतच नाही ते दुखणं कसं? कुष्ठरोगाचे जंतू नसांमध्ये बसतात, आणि त्यांचं पहिलं काम म्हणजे दुखणं काढून घेणं. आमच्या चिमूरकडच्या गावात सोयाबीन कापणीच्या दिवसात एक दिवस मजुरी सोडणं म्हणजे काय ते मला चांगलं माहीत आहे. प्राथमिक आरोग्य केंद्राची ओपीडी सकाळची, कामाची वेळ सकाळचीच, एसटी सकाळची एकच. ताप असेल, पोट धरून माणूस लोळत असेल, तर जाईल. पाठीवरच्या एका फिक्या डागासाठी, जो स्वतःला दिसतसुद्धा नाही, त्यासाठी दिवस कोण मोडणार? जाऊ कापणी झाल्यावर. कापणीनंतर कापूस येतो, कापसानंतर दिवाळी, दिवाळीनंतर लग्नसराई.

लग्नसराईवर मी येणारच आहे.

त्याआधी त्या 'तसलं'बद्दल. हा शब्द माझ्या तोंडात कुठून आला याचा मी बराच विचार केला. आमच्या घरात त्या आजाराचं नाव कधीच कोणी घेतलं नाही. गावात म्हातारी माणसं रक्तपिती म्हणायची, महारोग म्हणायची, आजी 'मोठी बिमारी' म्हणायची आणि तेही आवाज खाली आणून, जणू भिंतीला ऐकू गेलं तर भिंतीला होईल. पण शिव्यांमध्ये मात्र तो मोकळा फिरायचा. विहिरीवर भांडण झालं की "बोटं झडतील तुझी" हे ठरलेलं. नाग मारला की होतो, नवस बुडवला की होतो, मागच्या जन्मीचं काहीतरी असतं. म्हणजे मला सहा-सात वर्षांची असतानाच पक्कं माहीत होतं की हा आजार वाईट लोकांना होतो. आजार कसा दिसतो ते माहीत नव्हतं. आणि गंमत बघा, तो माझ्या डोळ्यासमोर रोज जेवायला बसत होता.

बापूकाका. माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ. मला खांद्यावर बसवून नदीवर न्यायचे, गुळाच्या भेलीचा कोपरा फोडून द्यायचे, कापसाच्या बंडीत सगळ्यात वर मला बसवायचे आणि आई खालून ओरडायची. १९८७ च्या उन्हाळ्यात मोठ्या आत्याचं लग्न झालं, तेव्हा त्यांच्या दंडावर आणि पाठीवर चट्टे होते. हे मला अर्थात खूप नंतर कळलं, मी तेव्हा सहा वर्षांची. घरात तिघांना माहीत होतं, आजीला, माझ्या वडिलांना आणि स्वतः काकांना. आणि तिघांनी मिळून ठरवलं की धाकटीचं लग्न होऊ दे, मग बघू. धाकटी आत्या तेव्हा दहावीत. म्हणजे 'मग' किती लांब आहे हे ठरवताना सगळ्यांना दिसत होतं. कोणी कोणावर जबरदस्ती केली नाही, कोणी कोणाला फसवलं नाही. मी पुढे कधी रागानं वडिलांना विचारायचे तेव्हा ते म्हणायचे, बापूनंच सांगितलं होतं थांबा म्हणून. आणि बापूकाका म्हणायचे, दादा तयार होता, मीच नाही म्हणालो. आता कोणाचं खरं ते शोधण्यात अर्थ नाही, दोघंही आपापल्या आठवणीत दुसऱ्याला वाचवतात.

धाकट्या आत्याचं लग्न १९९० च्या वैशाखात लागलं. तोवर काकांच्या उजव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट आत वळलं होतं.

तेव्हाही औषध होतं, ही गोष्ट मला आजसुद्धा नीट पचत नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं तीन औषधांचा एकत्र उपचार सुचवला तो १९८१ साली, आणि आमच्या शेजारचा वर्धा जिल्हा तर तो उपचार देशात आधी पोचला अशा जिल्ह्यांपैकी. वर्ध्यात दत्तपूरला मनोहर दिवाणांनी १९३६ पासून कुष्ठरोग्यांचं काम उभं केलेलं, सेवाग्रामला गांधीजी कुष्ठरोग झालेल्या परचुरे शास्त्र्यांची जखम स्वतः धुवायचे, आमच्या वरोऱ्याला आनंदवन. म्हणजे या आजारावर काम करणारी माणसं ज्या मुलखात जास्तीत जास्त, त्या मुलखात आमचं घर, आणि आमच्या घरातला माणूस तीन वर्षं गोळी न घेता बसून राहिला. अंतर किलोमीटरचं असतं तर एसटीनं पार झालं असतं.

गावात कुष्ठरोगाचं काम करणारे एक साहेब महिन्यातून एकदा सायकलवर यायचे. त्यांची सायकल ज्या घरापुढे उभी राहिली ते घर संपलं, इतकं साधं गणित होतं. ते बिचारे भले गृहस्थ, त्यांनाही हे कळलं असणार, कारण पुढे पुढे ते सायकल शाळेत लावायचे आणि आम्हा सगळ्या पोरांना व्हरांड्यात रांगेनं तपासायचे, मुलांचे शर्ट काढून, पाठीवर कापूस फिरवून. आम्हाला गुदगुल्या व्हायच्या, हसायचो. ज्याला गुदगुल्या होणार नाहीत त्याच्यासाठीच ती रांग आहे हे आम्हाला काय माहीत. शाळेपासून आमचं घर दोन मिनिटांवर, पण काका त्या दिवशी नेमके शेतात असायचे. आणि शेवटी औषध सुरू झालं तेही गावात नाहीच, दर महिन्याला 'कापसाच्या कामाला' म्हणून वर्ध्याकडे जायचे. दोन तालुके ओलांडून. पूर्ण दिवस जायचा, तिकिटाचे पैसे जायचे, पण रजिस्टरमध्ये नाव लिहिणारा माणूस ओळखीचा नसायचा.

त्या वेळी काकांसारखे जास्त चट्टे असतील तर दोन वर्षं गोळ्या घ्यायला लागायच्या, आता बारा महिने लागतात, कमी चट्टे असतील तर सहाच. दोन वर्षांत काकांचा रंग बदलला. एका गोळीनं कातडी काळपट-तांबूस होते, औषध थांबल्यावर हळूहळू उतरते. काका घरात सगळ्यात गोरे, ते तांब्याच्या जुन्या घंगाळासारखे दिसायला लागले. लोक विचारायचे, बापू, उन्हात फार राबतोस का? काका हो म्हणायचे. म्हणजे आजार लपवत होते तोवर आजार दिसत नव्हता आणि बरा व्हायला लागला तेव्हा चेहऱ्यावर दिसायला लागला, असा उलटा मामला. दुसऱ्या एका गोळीनं लघवी लाल होते. पहिल्याच दिवशी ते बघून घाबरून गोळ्या उकिरड्यावर टाकणारी माणसं होती, कारण आधी कोणी सांगितलं नाही. मध्येच कधी चट्टे सुजतात, लाल होतात, नस ठणकते, ताप येतो, त्याला डॉक्टर रिअ‍ॅक्शन म्हणतात आणि त्यावर वेगळा उपचार असतो. पण ज्याला जन्मात पहिल्यांदा त्या जागी काहीतरी दुखलं तेही औषध सुरू झाल्यावर, तो काय समजणार? औषध बाधलं. दुखणं नव्हतं, औषधानं आणलं.

एक गोष्ट लिहू की नको असं झालंय. औषध सुरू झाल्यापासून काकांनी मला जवळ घेणं बंद केलं. एके दिवशी मी सवयीनं पाठीवर लटकायला गेले आणि ते उठून उभे राहिले. मला वाटलं मी काहीतरी केलं. आठ-नऊ दिवस मी आठवत होते की मी काय केलं. पुढे शिकल्यावर कळलं की औषध सुरू झालं की थोड्याच दिवसांत तो माणूस दुसऱ्याला आजार देऊ शकत नाही, आणि तसंही बहुतेक लोकांच्या अंगात या जंतूला पुरून उरेल एवढी ताकद असतेच. म्हणजे ज्या तीन वर्षांत थोडा तरी धोका होता तेव्हा मी त्यांच्या मांडीवर जेवत होते, आणि धोका संपला तेव्हा त्यांनी मला लांब केलं. आजीनं त्यांचं ताट वेगळं केलं तेही तेव्हाच. पितळी, काठाला पोचा गेलेलं. पण ते ताट तिनं कधी सुनांना धुवू दिलं नाही, स्वतः घासायची, राख लावून, इतर भांड्यांपेक्षा जास्त वेळ. याचा अर्थ मी वेगवेगळ्या वयात वेगवेगळा लावलाय.

सातवीत आमची सहल आनंदवनला गेली होती. चंद्रपूर जिल्ह्यातल्या कुठल्याही शाळेची जाते. तिथल्या मागावर विणलेला एक टॉवेल मी आजीसाठी घेतला, निळ्या काठाचा, माझ्या खाऊच्या पैशातून. आजीनं हात फिरवून बघितला, किती मऊ आहे गं म्हणाली, आणि ट्रंकेत अगदी तळाशी ठेवला. ती गेली तेव्हा ट्रंक उघडली, टॉवेल घडीसकट तसाच, डांबराच्या गोळीचा वास लागलेला. लहानपणी वाटायचं भिऊन वापरला नाही. आता वाटतं, आनंदवनचा टॉवेल दोरीवर वाळत दिसला असता तर शेजारणीनं विचारलं असतं, का हो, तिकडे कोण आहे तुमचं?

बायकांचं तर अजून वेगळं. चट्टा मांडीवर, पाठीवर असेल तर दाखवायचा कोणाला? आमच्या गल्लीतली एक लेक दर महिन्याला सासरहून यायची, "आईला बरं नसतं" म्हणून. तिची आई ठणठणीत होती. गोळ्यांचं पाकीट माहेरी तांदळाच्या कोठीत असायचं आणि आई ते तिला महिनाभराच्या हिशेबानं पुडीत बांधून द्यायची. ती घाबरायची ते उगाच नव्हतं. कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारण म्हणून आपल्या विवाह कायद्यात चक्क लिहिलेलं होतं, ते निघालं २०१९ च्या फेब्रुवारीत. मोबाईलवर ती बातमी वाचली तेव्हा मला पहिल्यांदा ती तांदळाची कोठी आठवली. जो आजार बारा महिन्यांच्या फुकट गोळ्यांनी बरा होतो तो २०१९ पर्यंत संसार मोडायला पुरेसा होता, आणि आम्ही विचारतो बायका उशिरा का येतात.

आणि मग मध्ये एक सोयीची गोष्ट घडली. २००५ च्या डिसेंबरात देशपातळीवर कुष्ठरोगाचं 'निर्मूलन' झालं असं जाहीर झालं. त्याचा खरा अर्थ दहा हजार लोकांमागे एकापेक्षा कमी रुग्ण, एवढाच. पण निर्मूलन म्हटल्यावर मुळासकट उपटला असंच माणूस समजणार ना. आजही जगात दरवर्षी जेवढे नवे रुग्ण सापडतात त्यातले निम्म्याहून जास्त भारतात सापडतात. पण माझ्यासारख्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्या, इन्कम टॅक्स भरणाऱ्या बाईच्या डोक्यात तो आजार एक तर गावात राहिलेला असतो, नाहीतर मंदिराच्या पायऱ्यांवर. तो दंडावर येत नाही.

मी बँकेत काउंटरला असताना एक आजोबा यायचे. बरोबर पावणेचारला, रांग संपत आली की. वर्षभर बघून मग माझ्या लक्षात आलं की ते दोनला येऊन बाहेर झाडाखाली बसतात आणि गर्दी सरायची वाट बघतात. हात कायम दुपट्ट्यात. पुढे सगळीकडे अंगठ्याचं मशीन आलं तेव्हा त्यांचा अंगठा काही लागेना. मशीनवर ठेवायला पुरेसा अंगठाच नव्हता. मागच्या माणसानं सहज डोकावून बघितलं आणि एक पाऊल मागे गेला. त्यांच्यासाठी डोळ्यांनी ओळख पटवायची सोय केली, काम झालं, पण त्यानंतर ते आले नाहीत, नातू यायचा. मी त्या दिवशी त्या मागे सरकलेल्या माणसाला मनात खूप शिव्या दिल्या. आणि मग हात धुवायला गेले. जेवणाची वेळ नव्हती.

तर असो. खडूची खूण दारावर होती आणि मी गप्प होते. नवरात्र गेलं. मी रात्री हिशेब करायचे, हा आजार अंगात गेल्यापासून दिसायला साधारण पाच वर्षं, कधी कधी वीसही लागतात, आणि मी काकांच्या मांडीवर बसायचे त्याला आता पस्तीस वर्षं होऊन गेली, म्हणजे शक्य नाही, म्हणजे झोप. मग परत एक वाजता जाग. न्हाणीघरात जाऊन चट्ट्यावर पेनाची टोपी टेकवून बघितली, लागल्यासारखं वाटलं, पण बघत बघत टेकवली होती, डोळे मिटून कोणीतरी दुसऱ्यानं टेकवायला हवी. नवरा आत घोरत होता. त्याला उठवून "जरा हे बघ" एवढंच म्हणायचं होतं. मी दिवा बंद करून झोपले. बहिणीच्या मुलीचं लग्न जमत होतं त्या दिवसात, मुलगा पुण्याचा, घरचे चौकशा करणारे. आणि एका दुपारी पोळी लाटताना मी स्वतःला पकडलं, माझ्या मनात स्पष्ट वाक्य आलं होतं, हे लग्न एकदा होऊ दे, मग जाऊ.

लाटणं तसंच हातात धरून उभी राहिले होते थोडा वेळ.

दिवाळीत गावी गेले. भाऊबीजेला दोन्ही आत्या आलेल्या. ओवाळून झालं की धाकटी आत्या काकांचा उजवा हात दोन्ही हातांत घेते आणि ती वळलेली बोटं एकदा सरळ करून बघते, दरवर्षी, आणि सोडली की ती परत वळतात. कोणी काही बोलत नाही. तिनं पन्नाशी ओलांडलीय. तिला कधी आणि कोणी सांगितलं हे मला माहीत नाही.

संध्याकाळी काका ओसरीवर एकटे होते तेव्हा मी विचारलं, काका, तुम्हाला नक्की कळलं कधी? त्यांनी मला वाटलं होतं तेवढा वेळ घेतला नाही. म्हणाले, "चुलीवरून चहाचा गंज उतरवत होतो. करंगळीच्या बाजूनं टेकला. वास आला मले. चटका आलाच नाही, कातडं जळल्याचा वास आला. मोठीचं लगन व्हायचं होतं तवा." म्हणजे १९८७ च्याही आधी. मी म्हणाले, मग तेव्हा जर लगेच... कारण मला वाचून माहीत होतं की नस नुकती कमजोर झाली असेल, सहा महिन्यांच्या आत, तर औषधानं पुष्कळदा हाताची ताकद परत येते, बोटं वळायची राहतात. ते हसले. "तुले वाटते मले मालूम नव्हतं. घरात सगळ्यायच्या आधी मलेच मालूम होतं, पोरी. मालूम नसतं तं सरळ गेलो असतो डाक्टरकडं. नायटा समजून गेलो असतो."

मग ते म्हणाले की ओस पडायला लागली, आत चल. मी दंडाचं काही बोलले नाही.

नागपूरला परतल्यावर अजून तीन आठवडे गेले. दिवाळीच्या साफसफाईत दार पुसलं होतं, खूण तेवढी ठेवली होती, का ते मला सांगता येणार नाही. शेवटी डिसेंबरात एका शनिवारी एका त्वचारोगतज्ज्ञाकडे गेले. तरुण मुलगी होती, माझ्या बँकेतल्या ज्युनिअरच्या वयाची. मी सांगितलं, लहानपणी घरात एकांना कुष्ठरोग होता. हे वाक्य मी आयुष्यात पहिल्यांदा मोठ्यानं बोलले, आणि बोलल्यावर सवयीनं मागे दाराकडे बघितलं. तिनं काही भाव बदलला नाही. कापसाची एक बारीक वात केली आणि म्हणाली, डोळे मिटा, जिथे लागेल तिथे बोट ठेवा.

डोळे मिटल्यावर काही क्षण नुसता पंख्याचा आवाज. मी कधी एवढं लक्ष देऊन स्वतःच्या दंडाकडे ऐकलं नव्हतं. मग अगदी हलकं, मुंगी चालल्यासारखं. इथं. परत. इथं. अजून एकदा, मधोमध. इथं. व्हरांड्यातली रांग आठवली, गुदगुल्या आठवल्या, आणि मला तिथे खुर्चीत बसून हसू यायला लागलं, डोळे मिटलेलेच. तिनं कोपरामागची नस चाचपली, मानेपाशी बघितलं, खरवडून थोडा नमुना काचेवर घेतला. नायटाच होता. मेडिकलवाल्याच्या ट्यूबमध्ये स्टेरॉइड होतं त्यानं त्याचं रूप बदलून ठेवलं होतं, म्हणून एवढे महिने ना धड जात होता ना धड नायट्यासारखा दिसत होता. ती ट्यूबवर बरीच चिडली, माझ्यावर जरा कमी. परत येताना मी मेट्रो स्टेशनबाहेर उभी राहून दोन गरम सामोसे खाल्ले, तिखट चटणी मागून घेऊन. एवढं हलकं मला बऱ्याच महिन्यांत वाटलं नव्हतं, आणि सामोसा संपता संपता वाटलं की हे हलकं वाटणं नेमकं कशापासून सुटल्याचं आहे. बारा महिन्यांच्या फुकट गोळ्यांपासून तर नक्कीच नाही.

घरी कोणाला सांगितलं नाही. सांगण्यासारखं आता काही उरलंच नव्हतं, नाही का. पण रात्री बापूकाकांना फोन केला. ते एकटेच होते ज्यांना पहिल्यापासून सांगावं लागलं नसतं. मे महिना, ट्यूब, आशाताई, दार, पेनाची टोपी, कापूस, सगळं सांगितलं. ते नुसते हं हं करत ऐकत होते, मागे टीव्हीचा आवाज होता तो त्यांनी मध्येच बंद केला. नायटा निघाला म्हटल्यावर "बरं झालं माय" म्हणाले, दोनदा. मग विचारलं, कोणत्या डाक्टरकडं गेलती?

मी म्हणाले, जरीपटक्याला. इंदोरा चौकापर्यंत मेट्रोनं जायचं आणि तिथून ऑटो.

"आन् तू राहतं मनीषनगरले," काका म्हणाले. "जवळ नव्हता का कोणी?"

आमच्या चौकात दोन आहेत. एकाचा बोर्ड तर आमच्या गॅलरीतून दिसतो.

मी काही बोलले नाही. तिकडून काकाही थोडा वेळ काही बोलले नाहीत.

"हां," ते म्हणाले.